वडिलांनी व्याह्यांना विचारलेला प्रश्न
डिसेंबरात येरवड्यात कुणाकडे नाताळची गोड कुलकुलं तळायला घेतली की त्या वासाने मला ती संध्याकाळ आठवते. ताईला एका ख्रिश्चन मुलाशी लग्न करायचं होतं आणि त्याचे वडील कुलकुलांचा डबा घेऊन आमच्या घरी आले होते. आम्ही बौद्ध, माझ्या वडिलांना देव हा शब्दच खपत नसे. गोड बोलून हा माणूस आपल्या पोरीला बाप्तिस्मा देणार, असा त्यांना संशय होता आणि मलाही. "अहो, मी तुमच्या देवाला मानत नाही," वडील म्हणाले, "मग तो मला नरकात टाकणार ना?" ताईची मान खाली गेली. पाहुणे म्हणाले, "देव सगळ्यांवर प्रेम करतो, एवढंच सांगून मला सुटता येईल. पण न मानणाऱ्यांबद्दल बायबलमध्ये कडक लिहिलंय. माझ्या बायकोनेही शेवटपर्यंत मानलं नाही. ती कुठे आहे, असं मी त्याला रोज प्रार्थनेत विचारतो." "काय म्हणतो तो?" "अजून काहीच नाही." वडिलांनी आईला पाहुण्यांचंही ताट वाढायला सांगितलं. ताईचे सासरे गेल्या वर्षी वारले. मी आजही काही मानत नाही, तरी त्यांना बायको भेटली असेल का, हा विचार मनात येतोच.