फळ्याची चावी

…तर एस.टी. थांबली ती खालच्या वाडीत, आणि आम्ही वरच्या वाडीची माणसं फणसाखाली अर्ज हातात धरून उभी. काल इथपर्यंत आलो होतो ना? हां. सोमवारी रत्नागिरीला जाऊन थांब्यासाठी डेपोत अर्ज द्यायचा, हे मीच आमच्या मंडळाच्या फळ्यावर लिहिलं होतं. चांगलं ठसठशीत. खालच्या वाडीतल्यांनी ते येताजाता वाचलं आणि शनिवारीच स्वतःचा अर्ज देऊन आले. म्हणजे आमचा थांबा गेला तो माझ्या सुंदर अक्षरामुळे. माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं असतं, तर एस.टी. आमच्या दारात उभी राहिली असती.

हे त्र्याऐंशी सालचं. त्यानंतर मंडळाने फळ्याला दोन झडपा लावल्या, कडी लावली, कुलूप घातलं. फळा होता सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यामागच्या भिंतीवर. आता तो फक्त सभासदांचा. सभासद सोडून कोणी वाचायचा नाही, फळाप्रमुख सोडून कोणी लिहायचं नाही. फळाप्रमुख हे पद मीच सुचवलं आणि लोकाग्रहास्तव मीच स्वीकारलं. आग्रह करणारा लोक एकच होता, तोही मीच. गावच्या शाळेत सातवी पास झालेला माणूस, नियम केल्याशिवाय राहतो काय? सात नियम केले. त्यातला तिसरा माझ्या बुद्धीचा कळस: ‘फळ्याची चावी निरक्षर सभासदाकडे राहील.’ ज्याला वाचताच येत नाही तो बातमी फोडणार कशी? सभेने टाळ्या वाजवल्या. मी दोन दिवस माझ्याच हुशारीवर खूश होऊन हिंडत होतो.

चावी गेली सगुणा वयनीकडे. तिचं घर सहाणेला लागून, आणि सही म्हणून अंगठा. तिने ती चावी मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवली. बाई हाडाने बारीक, पण कुंपणाचा गडगा रचावा तर तिनेच. एकेक जांभा दगड उचलायची, दोनदा फिरवून बघायची, मग बसवायची. तिने बसवलेला दगड म्हशीने अंग घासलं तरी हलत नसे. तिचा नवरा भिकाजी मुंबईला छापखान्यात. त्याचं पत्र आलं की ती माझ्या पडवीत यायची, कारण वाडीची पत्रं मीच वाचत असे. वाचताना आजूबाजूची चार माणसं जमायचीच. मला तर जमलेली हवीच असायची.

आता भिकाजी छापखान्यात राहून जरा बिघडला होता. पाऊस कसा आहे, म्हशीचा पाय बरा झाला का, इथपर्यंत ठीक लिहायचा. मग मध्येच असं काही लिहायचा की चारचौघांत ते तोंडातून काढायचं कसं? मी खोकायचो आणि पुढच्या ओळीवर जायचो.

सगुणा वयनी विचारायची, “एवढंच?”

“एवढंच.”

“पत्र तर भरलेलं दिसतंय.”

“त्याचं अक्षर मोठं आहे,” मी सांगायचो.

एकदा ती उठता उठता म्हणाली, “भावजी, एक पत्र माजं मला वाचता आलं पायजे. मग मला दुसरं काय नको.”

मी हसलो. प्रौढ शिक्षणाचा वर्ग होता, पण खालच्या वाडीत. आणि खालच्या वाडीत कोणी सभासदाने पाऊल टाकायचं नाही, हा नियम पाचवा. तोही माझाच. “वयनी, ह्या वयात अक्षरं डोक्यात शिरत नाहीत,” असं वर तोंड करून सांगितलं मी तिला.

माझी एक खोड होती. लिहिताना मी प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायचो. “स…भा. रवि…वारी. सर्वांनी ताबतोड…” सगुणा वयनी कुलूप उघडून बाजूला उभी राहायची. मध्येच विचारायची, “ह्यातली सभा कुठली वो?” मी खडूने दाखवायचो. “आणि रविवार?” तोही दाखवायचो. मला वाटायचं, बाईला माझ्या अक्षराचं कौतुक आहे.

वर्ष-दीड वर्ष असं चाललं. मग एके दिवशी आमचे अध्यक्ष आप्पा घरी आले.

“सखाराम, फळा सकाळी तास तास उघडा असतो. मी स्वतः बघितलं. ती बाई समोर बसून तोंडाने पुटपुटते. पाठ करून खालच्या वाडीत सांगत असेल. चावी काढून घे.”

“तिला वाचता येत नाही आप्पा. पाठ काय करणार, भिंत?”

“मग पुटपुटते काय?”

उत्तर नसलं की मी नोटीस लिहितो. लिहिली: ‘रविवारी दुपारी सभा. विषय: चावी दुसऱ्या सभासदाकडे देणे. सर्वांनी ताबतोड हजर राहावे.’ नेहमीसारखी मोठ्याने म्हणत म्हणत लिहिली. सगुणा वयनी बाजूला उभी होती. झडपा तिने इतक्या जोरात लावल्या की माझी बोटं थोडक्यात वाचली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझ्या नोटिशीखाली एक ओळ. अक्षरं वाकडी, पण एकेक दाबून बसवलेलं: ‘चावी देनार नाई. कारन ताबतोड सांगने.’

वाडीत बोंब झाली. फळाप्रमुखाशिवाय कोणीतरी फळ्यावर लिहिलं! रविवारी सभेला एकूण एक माणूस हजर. आप्पा उभे राहिले आणि थेट माझ्याकडे बोट.

“हे तूच लिहिलंस.”

“मी? आप्पा, अक्षर बघा! माझं अक्षर असं आहे काय?”

“अक्षर डाव्या हाताने काढलं असशील. पण हा शब्द वाच.”

“ताबतोड. मग?”

“शब्द ताबडतोब असा आहे रे!” आप्पा ओरडले. “अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात ताबतोड लिहिणारा तू एकटा!”

सभा हसली. मला काही कळेना. “मी बरोबरच लिहितो,” असं म्हणून मी तरातरा उठलो, खडू घेतला आणि सगळ्यांदेखत टपोऱ्या अक्षरात लिहून दाखवलं: ‘ताबतोड’. शिवाय शब्दाखाली रेघ मारली.

मग जे हसणं झालं ते खालच्या वाडीत ऐकू गेलं असणार. धाकू नावाचा आमचा सभासद तर चौथऱ्यावरून खाली घरंगळला. वयाची छप्पन्न वर्षं मी तो शब्द तसा बोललो, तसा लिहिला, आणि एकाही सभासदाने मला सांगितलं नव्हतं. माझ्या नोटिसा लोक वाचतात, ही माझी समजूतही त्याच दिवशी गेली. एकच माणूस त्या नीट वाचत होतं.

बायकांतून सगुणा वयनी उठली. “भावजींना कशाला बोलता? मी लिवलंय.”

“तू?” आप्पा म्हणाले. “तुला येतं?”

ती फळ्यापाशी गेली आणि माझी नोटीस बोट ठेवून वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, अडखळत, पण एकही न सोडता. माझे हेलसुद्धा तिने तसेच घेतले होते. रविवारला मी जिथे श्वास घेतो तिथे तिनेही घेतला.

आप्पा भानावर आले. “म्हणजे ही आता निरक्षर नाही. नियम तिसरा. चावी काढ.”

तिने चावी मुठीत धरली. “आप्पा, जोडाक्षरं राह्यलीत अजून. चावी गेली तर माजी शाळा गेली.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नियम माझा होता ना. मी उठलो, नियमांचा कागद मागवला आणि तिसऱ्यावर काट मारली. खडू हातात होता म्हणून आधी खडूनेच मारली, ती उमटेना, मग पेन शोधलं. खालच्या वाडीत न जाण्याच्या पाचव्यावरही मारली. आप्पा पुटपुटले, पण सभा माझ्या बाजूने होती. निदान हसून दमली होती.

चावी तिच्याकडे राहिली. आणि मी लगेच फुगलो. एक प्रौढ बाई माझ्यामुळे शिकली! वर्ग नाही, पाटी नाही, सरकारचा एक खडूसुद्धा नाही! सभा पांगताना मी तिला फळ्यापाशी गाठलं आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “वयनी, म्हणजे मी तुमचा गुरू झालो. आता गुरुदक्षिणा काय देणार, ते सांगा.”

तिने झडपा लावल्या, कुलूप घातलं, चावी दोऱ्यात सारली, आणि माझ्यापेक्षा हळू आवाजात म्हणाली,

“ह्यांची जुनी पत्रं काढून वाचली मी, भावजी. तुमी वाचलात तेव्हा ह्यांनी मला एकदापन नावानं हाक मारली नव्हती. मी वाचलं तर पानापानावर ‘सगुणे, सगुणे’. तुमी खोकलात ती सगळी माजी नावं होती. ती परत मागत नाय, हीच दक्षिणा समजा.”