भिंतीपलीकडचे एकसष्ट

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. कुणीतरी एकदा चेष्टेत म्हटलं, ते चिकटलं, आणि आता टपाल आणणारासुद्धा दारातून "मोजणीबाई आहेत का?" असंच विचारायचा. वय चव्वेचाळीस, चष्मा जाड, बोलणं मोजकं. पालिकेच्या नकाशा विभागात खिडकीजवळची खुर्ची तिची.

काम साधं आहे, असं ती सांगायची. ड्रोनवाला वरून फोटो काढून आणणार आणि फोटोतल्या वस्तू हिने मोजायच्या. झाडं, दिव्याचे खांब, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, जे सांगतील ते. एकेक बोटाने मोजायला बसलं तर डोळ्यांची वाट लागेल, म्हणून तिने स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता. जे मोजायचं त्याचा एक छोटा तुकडा फोटोतून कापून घ्यायचा. तो झाला नमुना. मग प्रोग्रॅम तो नमुना अख्ख्या फोटोवरून सरकवत नेतो, ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक जागी तपासतो की इथलं चित्र याच्याशी किती जुळतं. शंभरपैकी गुण देतो. ठरवलेल्या मर्यादेच्या वर गुण गेले की तिथे लाल चौकट उमटते. दोन चौकटी एकमेकींवर चढल्या तर त्या एकच धरायच्या. शेवटी चौकटी मोजायच्या, झालं काम.

चुका व्हायच्या. एकदा शाळेच्या मैदानातल्या काळ्या छत्र्या त्याने पाण्याच्या टाक्या म्हणून मोजल्या होत्या, आणि साहेब पुढे महिनाभर छत्री उघडताना "बाई, माझी टाकी मोजली का?" म्हणून हसायचे.

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा शहात्तर वर्षांचे, सुतार माणूस. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गावाबाहेरच्या सरकारी रुग्णालयात काढली. तिथल्या खाटा, कपाटं, दारं-खिडक्या त्यांच्या हातच्या. ते रुग्णालय पाडूनही आता वीस वर्षं झाली होती. कामाच्या गोष्टी ते कधी काढत नसत. आपले बाबा अबोल आहेत, एवढंच तिला माहीत होतं.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. अशात साहेबांनी दफनभूमीचं काम तिच्याकडे दिलं. तिथली जुनी नोंदवही पाण्याने खराब झाली होती, तेव्हा थडगी मोजून नवा नकाशा करायचा होता. जुन्या भागात दगड उरले नव्हते. वाळक्या गवतात नुसते लांबट, किंचित हिरवे चौकोन दिसत. तिने त्यातलाच एक चौकोन नमुना म्हणून कापला आणि तो लहानमोठा करून फोटोवर चालवला.

आकडा ठीक आला. पण फोटोच्या कडेला, दफनभूमीच्या भिंतीपलीकडे, जिथे नुसतं मोकळं मैदान होतं, तिथेही लाल चौकटी उमटल्या होत्या. तिला वाटलं, झाल्या पुन्हा छत्र्या. तिने चित्र मोठं केलं.

चौकटी रांगेत होत्या. भिंतीला लागून पहिली रांग, मग दुसरी, अशा सहा रांगा. शेवटच्या रांगेत अकरा, बाकी सगळ्यांत दहा-दहा. एकूण एकसष्ट. मोठ्या थडग्यांहून बऱ्याच लहान. तिला खटकलं ते वेगळंच. भिंतीच्या आतली थडगी प्रत्येक वेगळ्या मापाची होती. कुठलं लांब, कुठलं रुंद. पलीकडच्या एकसष्ट चौकटी मात्र एकाच मापाच्या होत्या. जुळणीचे गुण सगळ्यांना नव्वदच्या वर. टाक्यांनासुद्धा इतके गुण पडत नसत, आणि टाक्या तर कारखान्यात साच्यातून निघतात.

तिने गेल्या चार वर्षांचे जुने फोटो काढले. पावसाळ्यातल्या फोटोत शून्य. हिवाळ्यात शून्य. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अठ्ठावन्न. एकावर एक फोटो ठेवून पाहिले, तर ती अठ्ठावन्नही नेमकी त्याच जागांवर. भर दुपारी, पंखा फिरत असताना, शेजारच्या टेबलावर कुणीतरी फोनवर भांडत असताना, तिच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी ती तिथे गेली. ऊन रणरणत होतं. मैदानात काहीही दिसत नव्हतं. सपाट जमीन, पिवळं गवत, एका कोपऱ्यात फुटकी बादली. फोनवर चौकटींचा फोटो उघडून तिने भिंतीपासून पावलं मोजली आणि नवव्या चौकटीच्या जागी येऊन थांबली. खाली बघितलं. गवत, दुसरं काही नाही. ती तशीच पुढे चालत गेली, पलीकडच्या टोकापर्यंत, आणि परत वळून पाहिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की वाळक्या गवतात दबून उमटलेली तिची पावलं सरळ नव्हती. दर चार पावलांनी ती बाजूला सरकली होती. वाट सगळी दोन चौकटींच्या मधल्या फटीतून गेली होती, आणि या चालण्यात तिने फोनकडे तर एकदाही पाहिलं नव्हतं.

दफनभूमीचा माळी भिंतीवरून बघत होता.

"काय हरवलंय का, ताई?"

"इथे पूर्वी काय होतं हो?"

"मी आलो तेव्हापासून मोकळंच आहे. रुग्णालयाची जागा ना ही. आता पार्किंग करणार म्हणतात." तो थोडा थांबला. "उन्हाळ्यात इथलं गवत सारखं वाळत नाही. ठिपक्याठिपक्यांनी वाळतं. खोल खणलेली जमीन पाणी धरून राहते, तिथलं गवत उशिरा जातं. माझ्या वाफ्यांचंही तसंच होतं."

"मग कुणी खणलं?"

"ते मी कशाला विचारू?" माळी म्हणाला आणि पाइप घेऊन निघून गेला.

साहेबांनी पडद्यावर चौकटी पाहिल्या आणि खुर्ची मागे सरकवली. "मर्यादा वाढव. नव्वदची पंच्याण्णव कर. आकडा आपोआप खाली येईल."

"केली साहेब. पंच्याण्णवलाही बावन्न राहतात."

"मग फोटो भिंतीपाशी काप. आपल्याला भिंतीच्या आतलं मोजायचंय." ते वाईट माणूस नव्हते, पुढच्या महिन्यात पार्किंगचं काम सुरू व्हायचं होतं आणि त्यांना डोक्याला ताप नको होता. तिने मान डोलावली, पण फोटो कापला नाही.

संध्याकाळी बाबा खिडकीत बसून भाजी निवडत होते. तिने त्यांच्या समोर स्टूल ओढलं.

"बाबा, रुग्णालयाच्या मागे, दफनभूमीला लागून जे मैदान आहे ना…"

बाबांचे हात थांबले.

"तिथे वरून काढलेल्या फोटोत चौकोन दिसले. रांगेत. सगळे एका मापाचे."

त्यांनी हातातली शेंग ताटात ठेवली. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती आले?"

तिने ऐकलं ते तिला आधी खरंच वाटेना. "एकसष्ट."

"त्रेसष्ट," बाबा म्हणाले.

त्यांनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं. सांगताना त्यांचा आवाज सपाट होता, दुसऱ्याच कुणाचं सांगत असावेत तसा. बावन्न वर्षांपूर्वी तापाची साथ आली होती. तेव्हा ते चोवीस वर्षांचे, नोकरीला लागून चार महिनेही झाले नव्हते. लहान मुलांचा वेगळा वॉर्ड केला होता, आणि तिथे आत कुणाला सोडत नसत, आईबापांनासुद्धा नाही. मूल गेलं की घरी फक्त निरोप जायचा. साथ पसरेल म्हणून पहाटेच मागे पुरायचे. पेट्या करायचं काम बाबांकडे होतं.

"पहिल्या दिवशी मी विचारलं, माप काय घेऊ? मोठे डॉक्टर म्हणाले, माप घ्यायला वेळ नाही, एकच लांबी धर आणि करत राहा. मी एक फळी कापली आणि तीच पुढच्या प्रत्येक फळीवर ठेवून खूण करत गेलो. लहान बाळालाही तेवढीच, दहा वर्षांच्यालाही तेवढीच." ते थांबले. "म्हणून सारखे दिसले तुला."

"पण एकसष्ट…"

"सतराव्या खड्ड्यात दोन पेट्या आहेत, एकीवर एक. बहीण-भाऊ होते, एकाच पहाटे गेले. आणि शेवटून चौथ्यात दोन. त्या दिवशी खणणारा आजारी पडला होता, मीच खणलं. तोच थोडा खोल नेला, दुसरा खणण्याइतका जोर राहिला नव्हता." त्यांनी डोळे मिटले. "तुझ्या मशीनला वरून ते कसं दिसणार?"

इतकी वर्षं बाबा बाजारात जाताना तो रस्ता टाळून लांबचा वळसा का घालतात, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी?"

तिने साहेबांना दोन कागद दिले: भिंतीच्या आतला नकाशा आणि भिंतीबाहेरचा. दुसऱ्यावर बाबांनी सांगितलेलं सगळं लिहून खाली त्यांची सही होती. साहेबांनी तो वाचला, घोटभर पाणी घेतलं, पुन्हा वाचला. मग स्वतः उठून वरच्या मजल्यावर गेले. त्यांना लोक नंतर काय काय म्हणाले, पण पार्किंग थांबवलं ते त्यांनीच.

जमीन न खणता आतलं दाखवणारं यंत्र आणलं गेलं. हातगाडीसारखं ते यंत्र रांगांवरून फिरवलं. खड्डे होते, एकसष्ट. सतरावा आणि शेवटून चौथा बाकीच्यांपेक्षा खोल.

मग सरकारी दप्तरखान्यातून रुग्णालयाची मृत्यूची वही निघाली. तीत तारीखवार नावं होती, आणि बाबांना खड्ड्यांचा क्रम पाठ होता: भिंतीकडून सुरुवात, डावीकडून उजवीकडे. मोजणीबाईने नावं एकेक करून चौकटींवर बसवायला घेतली. सतराव्यात दोन नावं लिहिली, तेव्हा आडनाव एकच निघालं. ती तिथेच थोडा वेळ थांबली. बाबांनी सांगितलं नसतं, तर पुढचं प्रत्येक नाव एकेक खड्डा सरकून दुसऱ्याच्या जागी गेलं असतं.

वहीत नावं बासष्ट होती. शेवटच्या चौकटीत लिहायला काही उरलं नाही.

"बाबा, एक कमी आहे."

"हं." त्यांना ते ठाऊक होतं. "साथ संपली, वॉर्ड धुऊन बंद केला. त्यानंतर आठ दिवसांनी मोठे डॉक्टर स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, अजून एक कर. मी म्हटलं, आता कोण? ते म्हणाले, तू कर. मी करून दिलेली पेटी झाकण लावून त्यांनीच परत आणली. मी उचलली." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जणू अजून त्यावर काही तोलत होते. "रिकामी म्हणावी इतकी हलकी होती, पोरी. पण चालताना आत काहीतरी सरकायचं."

"उघडून पाहिलं नाहीत?"

"मी चोवीस वर्षांचा होतो. मी घाबरलो."

डॉक्टर कधीच वारले होते. त्यांच्या घरचं कुणी सापडलं नाही. ती पेटी उघडावी का, यावर दोन बैठका झाल्या आणि शेवटी ठरलं की कुठलाच खड्डा उघडायचा नाही. मैदानाला कुंपण झालं, प्रत्येक जागी नावाची पाटी आली. एकसष्टाव्या जागेवर कोरी पाटी लावली. पुढे ज्याने ज्याने तिथे गवत कापलं, त्याने त्या एका पाटीभोवतीचं कापायचं टाळलं. सांगितलं कुणी नव्हतं.

पाट्या लागल्याची बातमी छापून आली, तरी पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी काठी टेकत एक म्हातारी आली. बाबा तेव्हा कुंपणाजवळच्या बाकावर बसले होते; आता ते रोज येत. लेक त्यांना घ्यायला आली होती.

"माझा धाकटा भाऊ," म्हातारी म्हणाली आणि नाव सांगितलं.

बाबांनी यादी पाहिली नाही. "तिसरी रांग, सहावा." ते तिला तिथवर घेऊन गेले. म्हातारीने पाटीवरून हात फिरवला, एकेक अक्षर चाचपून पाहिलं.

"आम्हाला सांगितलं होतं, जाळून टाकलं सगळं. आई शेवटपर्यंत विचारत राहिली, कुठे ठेवलं म्हणून." मग तिने मान वळवली. "तुम्हाला कसं माहीत हो? तुम्ही कोण?"

मोजणीबाईला वाटलं, आपण मध्ये काहीतरी बोलावं. पण बाबाच बोलले.

"मी सुतार. पेटी मी केली होती."

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. ऊन कलायला लागलं होतं.

"नीट केली होती का?" तिने विचारलं. "आतून टोचत-बिचत नव्हती ना?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "वेळ नव्हता, तरी आतून रंधा मारायचो मी. सगळ्यांना मारायचो."

म्हातारीने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला. दोघं तशीच उभी राहिली. लेक चार पावलं मागे सरली, आणि वाट बघत राहिली.