कोलोनच्या डब्यात आई

बर्लिनहून ड्युसेलडॉर्फला जाणाऱ्या आमच्या गाडीचे वाटेत दोन भाग होणार आहेत, हे आम्हाला गाडी सुटल्यावर बऱ्याच वेळाने कळलं. तिकीट तपासायला आलेल्या बाईंनी माझ्या मोबाइलवरचं तिकीट पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही चुकीच्या भागात बसला आहात. मागचे डबे कोलोनला जातात, पुढचे ड्युसेलडॉर्फला. हाम नावाचं स्टेशन येईल, तिथे उतरून फलाटावरून चालत पुढच्या डब्यांत जा. गाडी आतून जोडलेली नाही. वेळ थोडाच असतो.

आम्ही पाच जण होतो. मी, माझा नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि माझे आईबाबा. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. आईबाबा डोंबिवलीला, मी जिथे वाढले त्याच दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. आई घरीच असते, असं आम्ही लोकांना सांगायचो, आणि ते अक्षरशः खरं होतं. आई एकटी कुठे गेलेली मला आठवत नाही. भाजीला दोघं जायची, डॉक्टरकडे दोघं जायची. कल्याणला मामाकडे जायचं असलं की बाबा तिला सकाळी सोडून यायचे आणि संध्याकाळी आणायला जायचे. बाबा काही कडक नव्हते. त्यांना काळजी वाटायची. नातेवाइकांत आईच्या नशिबाचं कौतुक व्हायचं, असा नवरा मिळायला भाग्य लागतं म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

परदेशातही तेच चाललेलं. सगळ्यांचे पासपोर्ट बाबांच्या कमरेच्या पाउचमध्ये. आईच्या फोनला तिकडचं पॅक घेतलं नव्हतं, कारण ती कायम आमच्याबरोबरच असणार होती. रस्ता ओलांडताना बाबा तिचा दंड धरायचे. तिने स्वच्छतागृहात जाते म्हटलं की दाराबाहेर उभे राहायचे. मुलगी हसायची, आजोबा आजीचे बॉडीगार्ड आहेत म्हणायची.

त्या बाई निघून गेल्यावर मी सगळं आईला नीट समजावून सांगितलं. हाम आलं की आपण उतरायचं, पुढे चालत जायचं, परत चढायचं. ती खिडकीशी बसलेली, साडीवर माझं जुनं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. तिने ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, आणि हे डबे कुठे जाणार? मी म्हटलं, कोलोनला. मोठं गाव आहे का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि वरच्या रॅकवरून बॅगा काढायला उठले.

हामला आम्ही उतरलो ते धावपळीतच. नवरा दोन मोठ्या बॅगा ओढत पुढे, मुलगी पाठीवर सॅक आणि हातात खाण्याची पिशवी घेऊन त्याच्या मागे, मग मी, बाबा सगळ्यात शेवटी. फलाटावर आमच्यासारखेच बरेच लोक पळत होते. पुढचा भाग बराच लांब होता. पहिलं उघडं दार दिसलं तिथे आम्ही बॅगा आत ढकलल्या आणि चढलो. दार बंद झालं. गाडी हलली. मी वळून बघितलं तर बाबा दाराला पाठ टेकून उभे होते, एकटेच.

आई कुठे, मी विचारलं. बाबांचा चेहरा असा झालेला की मला आधी वाटलं त्यांनाच काहीतरी होतंय. नवऱ्याने बॅगा तिथेच सोडल्या आणि तो पुढच्या डब्यांतून शोधून आला. मुलगी मागच्या टोकापर्यंत जाऊन आली. मागचं टोक म्हणजे काच होती, आणि काचेपलीकडे नुसते रूळ.

मला तो क्षण अजून जसाच्या तसा आठवतो. मुलगी काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हते. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आईकडे पासपोर्ट नाही, फोन चालू नाही, भाषा येत नाही, आणि हॉटेलचं नाव तिला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. पर्समध्ये मी दिलेले थोडे सुटे युरो होते, बस. बाबा खाली बसले ते दाराजवळच, जमिनीवर. मी त्यांना असं जमिनीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

नवऱ्याने या भागातल्या तिकीट तपासनीसाला शोधून आणलं. तरुण माणूस होता, दाढीवाला. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आईच्या साडीचा रंग विचारला, मुलीच्या फोनमधला तिचा फोटो बघितला आणि मागच्या गाडीतल्या बाईंना फोन लावला. त्या दोघांचं जर्मनमध्ये बोलणं सुरू झालं. आम्ही चौघं त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मध्येच तो थांबला, आमच्याकडे पाहिलं, परत काहीतरी विचारलं. मग फोन कानापासून बाजूला धरून तो मला इंग्रजीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा होता, "त्या ठीक आहेत. खिडकीशी बसल्यात, कॉफी पितायत. माझ्या सहकारी बाईंनी विचारलं, तुम्ही चुकून इथे राहिलात का. तर त्या नो म्हणाल्या. कोलोन, असं म्हणाल्या."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी त्याला परत विचारायला लावलं. त्याने विचारलं. उत्तर तेच आलं.

नवरा म्हणाला, आईंना प्रश्न कळला नसेल, घाबरून नो म्हणाल्या असतील. ते पटण्यासारखं होतं, मी ते घट्ट धरून ठेवलं. कोलोनला अडलेल्या प्रवाशांसाठी स्टेशनवर मदतीची एक खोली असते, तिथे तिला बसवतील, असं त्या तपासनीसाने सांगितलं. तुमच्या स्टेशनवरून कोलोन लांब नाही, तुम्ही दुसऱ्या गाडीने जा, म्हणाला.

ड्युसेलडॉर्फला नवरा आणि मुलगी बॅगा घेऊन हॉटेलकडे गेले. मी आणि बाबा कोलोनच्या गाडीत बसलो. बाबा सबंध प्रवासात पाउच दोन्ही हातांनी धरून बसलेले.

मदतीच्या खोलीत आई नव्हती. तिथे निळं जाकीट घातलेली एक म्हातारी बाई होती. तिने हसून सांगितलं की इंडियन लेडी बाहेर चर्च बघायला गेली, येते म्हणून खूण करून गेली. बाबांनी भिंतीला हात टेकला. मला आता भीतीच्याही पलीकडचं काहीतरी वाटत होतं, त्याला नाव नव्हतं.

स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच ते भलंमोठं काळपट चर्च आहे, मान पार मागे टाकली तरी शेंडे दिसत नाहीत असं. आई त्याच्यासमोरच्या पायऱ्यांवर बसली होती. पर्स मांडीवर, बूट काढून शेजारी नीट ठेवलेले, पाय लांब सोडलेले. चेहरा वर करून बघत होती. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत तिने पाहिलं नाही.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. विचारलं, "आई, उतरायचं आहे हे तुला कळलं नाही का?"

"कळलं की. तूच तर सांगितलंस."

"मग?"

"दारापर्यंत आले मी. तुम्ही सगळे पळत होतात. मग परत जाऊन बसले."

"का पण?"

तिने थोडा विचार केला. मला वाटलं ती रडेल, निदान माफी मागेल. ती म्हणाली, "बसावंसं वाटलं. तुम्ही याल हे माहीत होतं मला. तोवर माझी मी होते."

बाबा मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते तिच्यापासून दोन पायऱ्या खाली जाऊन बसले, तिच्याकडे पाठ करून. आईने बूट चढवले, नाडी बांधायला तिला वेळ लागला. नेहमी ती नाडी बाबा बांधायचे.

मला राग आला, प्रचंड आला, हे लिहिलं पाहिजे. पण त्याहून मोठा होता तो धक्का. जिला मी जन्मापासून ओळखते, जिच्या खोकल्यावरून तिला काय हवंय ते मला कळतं, ती बाई आम्हा सगळ्यांना फलाटावर पळताना बघून शांतपणे मागे वळू शकते, हे माझ्या डोक्यात मावतच नव्हतं. ड्युसेलडॉर्फला परत जाताना मी तिच्याकडे चोरून बघत होते. तीच आई होती. तिच्या कानाजवळ तोच तीळ होता.

पुढचे दिवस आम्ही ठरल्याप्रमाणे फिरलो, फोटो काढले. बाबांनी रस्ता ओलांडताना तिचा दंड धरला नाही. ती आपली आपण दोन्हीकडे बघून ओलांडायची.

डोंबिवलीला परतल्यावर बाबा लोकांना सांगायला लागले की ही तिकडे हरवलेली, आमची काय धावपळ झाली विचारू नका. लोक हळहळायचे. आई ऐकून घ्यायची. गणपतीत सगळे जमलेले असताना आत्याने तिला विचारलं, वहिनी, परमुलखात हरवलात, किती घाबरला असाल. आई मोदकांचं ताट घेऊन उभी होती. ती साध्या आवाजात म्हणाली, "हरवले नव्हते हो. मी मुद्दाम राहिले." आणि ताट घेऊन पुढच्या पाहुण्यांकडे गेली. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

त्यानंतर आई अधूनमधून एकटी बाहेर पडायला लागली. कुठे जाते ते सांगत नाही, विचारलं तर "इथेच" म्हणते. एकदा मी रिक्षातून तलावपाळीवरून जात होते, तर ती तिथल्या बाकावर बसलेली दिसली, ठाण्यात, माझ्या इतक्या जवळ, आणि मला पत्ता नाही. रिक्षा थांबवावी असं मनात आलं. मी थांबवली नाही.

गेल्या महिन्यात मी डोंबिवलीला गेले तेव्हा ती घरी नव्हती. बाबा स्वयंपाकघरात मटार सोलत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि न राहवून म्हणाले की त्या दिवशी तुमच्या मागे आई नाही हे तुम्हाला कळलं कसं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही तर तिला नजरेआड होऊ देत नाही.

बाबा सोलत राहिले. मग म्हणाले, "कळलेलं. मी खाली उतरून तिला हात द्यायला वळलो. ती दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली."

मी विचारलं, "आणि तुम्ही हाक नाही मारलीत?"

"तिने ज्या नजरेने बघितलं ना, मला हाक मारताच आली नाही." त्यांनी एक शेंग उचलली, परत खाली ठेवली. "वाटलं, तरी येईल पुढच्या दाराने. गाडी सुटली तेव्हा कळलं, नाही येत."

मला पुढे खूप विचारायचं होतं. ती नजर कशी होती. तुमचं दोघांचं यावर कधी बोलणं झालं का. पण ते उठले, सालं केराच्या डब्यात टाकली आणि मला म्हणाले की चहा टाक, ती येईलच आता. मी तीन कप पाणी मोजलं आणि गॅस पेटवला.