उजवा कौल

आमचे हे मिलिटरीत होते. कराडकडच्या आमच्या गावात यात नवल काही नाही. एका घराआड एक फौजी, बाकीचे उसात. पण नवरा सुट्टीवर आला की बाकीच्या बायका हौसेनं मटण शिजवायच्या, आणि मी मात्र हे आल्या दिवसापासून ह्यांच्या जायच्या दिवसाचा धसका घेऊन बसायची. ट्रंक अजून दारातच असायची आणि मी विचारायची, परत कवा जायाचं? हे म्हणायचे, "आगं, आत्ता तर आलोय, मला आत तरी येऊ दे."

या भीतीवर मी एक उपाय धरला होता, तो म्हणजे कौल. गुरव देवाच्या उजव्या-डाव्या खांद्यावर एकेक ओलं फूल चिकटवतो. आपण मनातलं बोलायचं आणि हात जोडून वाट बघायची. उजवं फूल आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. विहीर कुठं काढावी, सोयरीक करावी का, असलं लोक विचारतात. मी दर सुट्टीत एकच विचारायची, हे पुढच्या खेपेला धडधाकट परत येतील ना? देव बिचारा दर वेळी हो म्हणायचा.

एका साली मात्र डावं पडलं.

त्यातून ह्यांची बदली बर्फातल्या सरहद्दीवर झालेली. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या देवाकडं गेले, तर तिथली फुलं दुपारपर्यंत जागची हलली नाहीत. मग कुणी म्हणालं, आटपाडीकडच्या एका देवाचा कौल लय खरा. निघाले आटपाडीला. एका डॉक्टरचा गुण येईना म्हणून माणूस दुसरा डॉक्टर गाठतो, तसे मी देव बदलत होते. घरी सांगायचं, दवाखान्यात चाललेय.

त्याच सुट्टीत ह्यांनी माझ्याकडं एक मागणं मागितलं होतं. बुटांना पॉलिश करता करता, मान खाली घालूनच म्हणाले, "एक दिवस कराडला जाऊया का? संगमावर बसू, भेळ खाऊ. दोघंच." घर माणसांनी भरलेलं, नवरा-बायकोनं दोघंच बाहेर जायची आमच्यात रीत नाही. एवढं बोलायला त्यांनी किती धीर गोळा केला असेल ते आज कळतं. मी म्हणाले, "जाऊ की. आदी माजं एक काम हुंद्या." चार दिवसांनी त्यांनी परत विचारलं. मी परत तेच म्हणाले.

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. माझे दवाखाने त्यांनी बरोब्बर ओळखले. गोठ्यात मला गाठून म्हणाल्या, "आगं, त्यो द्येव हाय. टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगतोय त्यो बाबा न्हवं."

मला राग आला. आत्ती मला दगडाच्या वाटायच्या. मुलगा निघाला की त्याच्या कपाळाला भंडारा लावायच्या, जीप वळणाआड जाईपर्यंत थांबायच्या आणि सरळ म्हशीची धार काढायला बसायच्या. मी म्हणाले, "तुमास्नी भ्याच वाटत न्हाई, आत्ती."

"वाटतंय की. आई हाय मी त्येची. पर रोज सकाळी द्येवाला सांगती, तुजं हाय, तू बघ. येकदा त्येच्यावर टाकल्यावर सारखं उघडून बघायचं न्हाई. दुधाला इरजान लावून सारखं झाकान काढलंस तर दही लागतंय व्हय?"

मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी परत एस.टी. धरली.

उजवं फूल पडलं, ते सुट्टीच्या शेवटच्या दिवशी. आनंदानं घरी आले तर हे ट्रंक भरत होते. मी म्हणाले, "चला, जाऊया कराडला." ते हसले. "आता कवा? पहाटं निघायचंय. ऱ्हाऊ दे, पुढल्या सुट्टीला."

हे त्या खेपेला परत आले. त्यानंतरही दर खेपेला आले. पण एका सुट्टीत ऊसतोड आली, एका सुट्टीत पोरांची आजारपणं, आणि मधल्या दिवसांत माझे कौल होतेच. मग त्यांनी विचारायचं सोडलं. पेन्शनवर घरी आले तेव्हा आम्ही दोघं म्हातारपणाला लागलो होतो आणि संगमावर बसून भेळ खायची मलाच लाज वाटायची. तीन वर्षांपूर्वी, दुपारचा चहा घेऊन, आपल्याच घरातल्या कॉटवर ते गेले. जन्मभर मी ज्या सरहद्दीला भ्यायले, तिनं त्यांच्या केसाला धक्का लावला नव्हता.

मी देवाशी खूप भांडले. भांडून थकल्यावर विचारण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा एका सकाळी देव्हाऱ्यापुढं बसून आत्तींचेच शब्द तोंडात आले. तुजं हाय, तू बघ. आत्ती तोवर राहिल्या नव्हत्या. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं.

आता माझा मुलगा फौजेत आहे. गेल्या सुट्टीत सूनबाई दबक्या आवाजात म्हणाली, "आत्ती, कौल लावून येऊया का?" तिनं घेतलेला धसका मला दिसलाच. म्हणाले, "कौल ऱ्हाऊ दे. तुमी दोगं कराडला जावा. संगमावर बसा, भेळ खावा." पोरगी लाजली, मुलगा गाडीची वेळ विचारायला उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेल्यावर मी देव्हाऱ्यापुढं बसले. भीती नव्हती असं नाही. पण ती देवापुढं ठेवली आणि हात मोकळे करून उठले. म्हशीचं शेण काढलं, भाकरी थापल्या.

दिवस मावळायच्या आत दोघं परत आली. पोरीच्या साडीचा काठ ओला होता, आणि ती दारातूनच हसत आली. माझ्यासाठी त्यांनी भेळेचा पुडा आणला होता. पार मऊ पडलेली भेळ. उंबऱ्यावर बसून मी ती सगळी खाल्ली. सकाळच्या गाडीनं गेली होती, संध्याकाळी घरात होती. एवढाच वेळ लागतो त्याला. ह्यांनी माझ्याकडं तेवढाच मागितला होता.