खंडेनवमीला चालवलेला ब्रेकर

मंडळी, घाईत लिहितोय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

अवजारांचं माझं वेड तुम्हाला माहीत आहे. ते माझ्या वडिलांकडून, बापूंकडून आलं. सत्तरच्या दशकात त्यांनी साखर कारखान्याच्या भंगारातून माती खणायचं मशीन आणलं, इथे बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावात, आमच्या अंगणात. ऐंशीनंतर ते बंद पडलं. त्याचा लोखंडी हात मात्र तसाच वर राहिला.

आज खंडेनवमी. सगळ्या अवजारांना हळदकुंकू लावलं, मशीनच्या हाताला झेंडूची माळ घातली. आज अवजार चालवायचं नसतं. पण दगड फोडायचा नवा ब्रेकर कालच आला होता. राहवेना.

"आयो, आज नको रे!" आई आतून ओरडली.

"मशीनपुढचा एकच दगड, आई."

ब्रेकर सुरू केला आणि माझ्यावर सावली पडली. मशीनचा हात सावकाश खाली येत होता. मी मागे उडी मारली. तो त्या दगडावर अलगद टेकला. माळ जागची हलली नाही.

आई दारात आली. तिला नवल वाटलंच नाही. "सांगितलं होतं ना," एवढंच म्हणाली.

हात वर धरणारं आतलं तेल गळलं असेल, असं कृपया लिहू नका. मशीन बंद पडलं तेव्हाच बापूंनी ते सगळं काढून टाकलं होतं.

मग इतकी वर्षं तो हात वर कोणी धरला होता?