पाटलीणबाईंनी ‘हाय’ म्हटलं

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी निजामाच्या पायदळात लान्स नायक होतो. गाव अर्धापूर. आमच्या सेक्शनची पोस्टिंग बिलोलीकडं, मांजरा नदी ओलांडायच्या उतारावर होती. चौकी अलीकडं. पलीकडं नदीच्या वळणात एक वाडी, तिथल्या पडक्या गढीवर दोन माणसांचं टेहळणी ठाणं. सोबत फील्ड टेलिफोन.

ठाण्यावर मी आणि सिपाही नरसय्या. तो देगलूरचा, घरी तेलुगू बोलणारा.

वाडीचा कारभार विधवा पाटलीणबाई बघायच्या. सकाळी विचारलं, “मावशी, काही कमी?” की उत्तर ठरलेलं, “कशाची ददात न्हाई, बाबा.” घरात मीठ संपलेलं असलं तरी हेच. ददात म्हणजे उणीव, पण आमच्या मुलखात हा शब्द ‘न्हाई’ला धरूनच यायचा. ‘ददात हाय’ असं मी आईच्या तोंडूनही कधी ऐकलं नव्हतं.

श्रावणात नदी चढली. मागचा ओढाही फुगला आणि वाडीभोवती पाणी आलं. सगळी माणसं गढीवर घेतली. जमिनीतल्या पेवांत पाणी शिरून साठवलेली ज्वारी नासली. दोन दिवस आमच्या रेशनवर पोरांना घास घास दिला. तिसऱ्या सकाळी पाणी गढीच्या पायऱ्यांना लागलं, मातीचा बुरूज खचू लागला.

टेलिफोनवर चौकीचे हवालदार इब्राहिम होते, उदगीरचे.

“हालत बोल.”

मी पाटलीणबाईंकडं वळलो. “मावशी, काय सांगू?”

त्या पोरांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सांग, ददात हाय.”

मी शब्द तसाच पोचवला.

“कोण म्हणलं?”

“त्याच म्हणल्या.”

“समजलो.”

पाणी उतरेपर्यंत नाव सोडू नये, असा कंपनीचा हुकूम होता. हवालदारांनी बिलोलीला सुभेदारसाहेबांना फोन लावला. त्यांनी विचारलं, “किल्लत है क्या?” टंचाई आहे का? हवालदार म्हणाले, “किल्लत होती तर त्या बोलल्या नसत्या, साहेब. ‘ददात हाय’ म्हणून राहिल्या.” सुभेदारसाहेब कंधारचे, आमच्याच मुलखातले. म्हणाले, “नाव सोडा. जिम्मा माझा.”

दोन नावा निघाल्या. धारेमुळं पहिली गढीला लागेना. नरसय्यानं कंबरेला दोर बांधून उडी घेतली. नावेपर्यंत पोचला, सोबत नेलेला दुसरा दोर तिला बांधला. आम्ही गढीवरून ओढली. आधी लेकरं, मग बाया, मग म्हातारे. दुपार टळेपर्यंत फेऱ्या चालल्या. नरसय्या छातीभर पाण्यात नाव धरून उभा होता.

“वर ये,” मी म्हणालो.

“ही फेरी जाऊ दे.”

शेवटची नाव सुटली तेव्हा वाहत आलेलं झाड त्याच्यावर आदळलं. मी नावेतून त्याच्या कंबरेचा दोर ओढला. दोर हलका आला.

चौकीवर पाटलीणबाईंनी घराघराची माणसं नावानं हाकारली. प्रत्येक हाकेला ओ आली. बुरूज संध्याकाळी पाण्यात बसला, तेव्हा त्यावर कोणी नव्हतं. हवालदारांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि फोनवर कळवलं, “वाडी पूरी सलामत.” त्या आवाजातला अभिमान मी पुन्हा कुठल्या परेडवर ऐकला नाही.

नरसय्या खालच्या गावाजवळ सापडला. खांदा वाडीनं दिला, सलामी आम्ही.

देगलूरहून त्याची आई आली. मराठी तिला फारसं येत नव्हतं. तिनं मला एवढंच विचारलं, “अंदरू?” सगळे?

“सगळे,” मी म्हणालो.

पाटलीणबाईंनी वाडीची लेकरं तिच्यापुढं बसवली. म्हातारीनं एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. एकही सोडलं नाही.