वहीच्या पहिल्या पानावरची दोन नावे

गोविंदराव सावरगावकर गुरुजींची आणि माझी ओळख जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. हिंगोलीत त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी सत्तावीस वर्षे बसलो. बाहेरच्या माणसाला दाखला हवा असतो, आणि तो कालच हवा असतो. गुरुजींना दाखला नको होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे प्राथमिक शिक्षक रांगेतल्या लोकांना विचारत फिरत होते, लेकराचं नाव काय ठेवलं आणि का ठेवलं. कामात अडथळा आणू नका, असं मी त्यांना जरा तोडूनच बोललो. त्यांनी माफी मागितली, बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

गुरुजींच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने मला कार्य, मूल्ये आणि आठवणी असा क्रम आखून दिला आहे. तो पाळायचा प्रयत्न करतो. लेख आनंदी व्हावा अशीही सूचना आहे. ते मात्र माझ्याच्याने होणार नाही आणि गुरुजींनाही ते आवडणार नाही.

गुरुजींचं कार्य म्हणजे एकवीस वह्या. प्रत्येक पानावर तीन रकाने: नाव, कोणी ठेवलं, का ठेवलं. देवाच्या नवसाची नावं, आजोबांची परत आलेली नावं, फकिराच्या दुव्याने झालेल्या शेखांच्या मुलाचं फकीरा, आणि अलीकडे मोबाईलमधून शोधून काढलेली, अर्थ आईबापांनाही पाठ नसलेली नावं. पण त्यांचा जीव अडकला तो एकाच तऱ्हेच्या नावांत. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथे पुढच्या मुलाला मुद्दाम वाईट नाव देतात, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर जात नाही. आपल्याकडे दगडू, धोंडाबाई, केरबा. कोंडा देऊन शेजारणीकडून ‘विकत’ घेतलेला तो कोंडिबा. आफ्रिकेतल्या योरुबा लोकांत अशा मुलाला ‘आता पुन्हा मरणार नाही’ या अर्थाचं नाव देतात. पूर्व युरोपातले ज्यू आजारी बाळाला ‘म्हातारा’ म्हणत, चीनच्या खेड्यात ‘कुत्र्याने उष्टं टाकलेलं’ म्हणत. जगभरच्या आयांना मृत्यू इतका भोळा वाटावा, याचं गुरुजींना कधी हसू आलं नाही.

हसू न येणं हेच त्यांचं मूल्य म्हणता येईल. एका स्नेहसंमेलनात वक्त्याने मतदारयादीतली जुनी नावं वाचून सभागृह हसवलं. प्रमुख पाहुणे गुरुजी होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, की आत्ता ज्या नावांना आपण हसलो, त्या प्रत्येकाच्या मागे शेताच्या बांधावर दोन-तीन लहान खड्डे असतील. मग ते खाली बसले. चहा कोणाला गेला नाही.

माझा मुलगा तीन दिवसांचा होऊन गेला. त्याची नोंद मीच माझ्या हाताने केली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नावाचा रकाना कोरा. भेटायला आलेल्यांनी दुसरं होईल असं सांगितलं, देवाची मर्जी म्हणाले. गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय नाव ठेवणार होता?" मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहिलं, कोणी आणि का तेही लिहिलं, आणि वही माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवली. ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. ते नाव मी इथे देत नाही. ते त्यांच्या वहीत आहे.

त्यानंतर वह्या नीट उतरवून काढायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर दोनच शब्द होते: उकंडी, उज्ज्वला. पुढचे रकाने कोरे. विचारलं की गुरुजी वही मिटत. या ग्रंथाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं आणि सांगितलं, की हे पान छापणार असाल तरच सत्काराला होकार देतो.

गुरुजी तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि हट्ट्याजवळच्या एका खेड्यात त्यांची पहिली नेमणूक झाली होती. कडूबाई नावाची एक बाई मुलीला शाळेत घालायला आली. तिची आधीची तीन लेकरं गेली होती. चौथी जन्मताच उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर ठेवली, शेजारणीने उचलली, म्हणून तिचं नाव उकंडी. गुरुजी नवे होते, सुधारणेने भारलेले होते. मुलीला कचरा म्हणता, लाज वाटत नाही का, असं बोलून त्यांनी दाखल रजिस्टरात ‘उज्ज्वला’ लिहिलं. कडूबाई दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. नाव पलटू नका, एवढंच म्हणाली. गुरुजींनी तिला सगळ्या वर्गासमोर अंधश्रद्धेवर भाषण दिलं. मुलगी मात्र खूश होती. पाटीवर, भिंतीवर, मातीत नवं नाव गिरवायची. दिवाळीच्या आत ती तापाने गेली.

नावाने माणूस मरत नाही, हे गुरुजी पन्नास वर्षे सांगत आले आहेत. तरी त्या घरी जायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांनी बदली मागून घेतली. त्यानंतर भेटेल त्याला नावामागचं कारण विचारत गेले, कारण जिथे विचारायचं होतं तिथे त्यांनी विचारलं नव्हतं.

यंदा माघात मी त्यांना घेऊन गेलो. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि ऐंशीच्या घरातल्या कडूबाई शेजारी बसून खडे वेचत होत्या. डोळ्यांनी कमी दिसतं, पण गुरुजींनी हाक देताच आवाजावरून त्यांनी ओळखलं. "गुरुजी व्हय? बसा," म्हणाल्या. गुरुजी हळदीपलीकडे जमिनीवरच बसले. मी तुमचं ऐकलं नाही, माफी मागायला आलो आहे, असं ते अडखळत म्हणाले.

कडूबाईंचे हात थांबले नाहीत. "तुमी काहून माफी मागून राहिले?" त्या म्हणाल्या. "तुमी कागदावर लिव्हलं. कागद कोन वाचतंय? तापात म्या उकंडे, उकंडे म्हून हाका मारल्या. डोळे उघडंना. साळंतलं नाव लई गोड लागलं होतं तिला, त्या नावाबिगर ओ देईना. मंग म्या उज्ज्वला म्हून हाक मारली. हसलं लेकरू. अन् सांजंला गेली. तोंडातून नाव म्या काढलं, गुरुजी."

नावाने कोणी जात नाही बाई, ताप होता, असं गुरुजी म्हणाले. हेच वाक्य शेकडो सभांत त्यांनी ठामपणे म्हटलेलं मी ऐकलं आहे. इथे ते अर्धवटच बाहेर आलं. "तसंच आसंल," कडूबाई म्हणाल्या आणि वेचत राहिल्या.

परतताना फाट्यावर गुरुजींनी चहा घेतला. मग म्हणाले, "मला माझाच दोष दिसत होता. ती बाई एकटी तिथे तिचा घेऊन बसली होती, आणि मी सगळ्या जगाला विचारत फिरलो."  खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्यांचा रागही आला होता. इतक्या जवळ राहून हा माणूस कधी गेला कसा नाही, असं वाटत होतं. पण माझ्या मुलाचं नाव विचारणारा हा एकच माणूस होता, हेही मी विसरू शकत नव्हतो.

हे छापू का, असं आम्ही निघताना कडूबाईंना विचारलं होतं. त्यांनी कोणतं नाव घालणार ते विचारलं. दोन्ही, असं गुरुजी म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "लिवा. तिचा बाप गेला, उकंड्यावरून उचलनारी गेली. तिला पाहेलं मानूस आता तुमी अन् मी. मी किती दिवस हाय? तुमी जगा, गुरुजी."

तेव्हापासून दर गुरुवारी गुरुजी एसटीने तिकडे जातात. काय बोलतात ते मी विचारलेलं नाही. पहिल्या पानाचे रकाने अजून कोरेच आहेत. लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचं आयुष्य मागायचा रिवाज आहे. मी तेवढं मागत नाही. गुरुजींचे गुडघे बसच्या पायऱ्या चढण्याइतके बरे राहोत, आवाज हळदीच्या पलीकडे ऐकू जाईल इतका राहो, आणि कडूबाईंच्या मागेही त्यांना पुष्कळ वर्षे मिळोत. तेव्हा त्या मुलीला दोन्ही नावांनी ओळखणारे ते एकटेच उरतील.